घराचे पडदे शिवून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पडदे शिवून देण्याच्या कामामुळे काही प्रश्न रोज कानावर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगते. हातात मोजके पैसे असतील तर कापड मध्यम प्रतीचं निवडा, पण ते भरपूर घ्या, आणि शिलाई व अस्तरात हात आखडू नका. महागाचं कापड कमी चुण्यांत ताणून बसवलं तर ते चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. साधं सुती कापड पुरेशा चुण्या आणि बरोबर लांबी घेऊन लावलं की अख्खी खोली बदलते.

रेडिमेड पडदे लगेच मिळतात. मग शिवून घ्यायचे कशासाठी?

रेडिमेड पडदे साधारण पाच, सात आणि नऊ फूट उंचीत मिळतात आणि एकेक पडदा चार फूट रुंद असतो. पाच फुटी खिडकीला, सात फुटी दाराला. हे ठरलेलं माप आता बऱ्याच घरांत बसत नाही. बाल्कनीचं सरकतं दार आठ-दहा फूट रुंद असतं, हॉलमध्ये फॉल्स सीलिंग केलेलं असतं. तिथे सात फुटी पडदा चौकटीलगत लावावा लागतो आणि खोली बुटकी वाटते, नऊ फुटी लावला तर जमिनीवर लोळतो. शिवून घेतल्यावर लांबी, चुण्या, अस्तर आणि खालची दुमड हे चारही तुमच्या हातात राहतं.

भाड्याचं घर असेल किंवा वर्षभरात बदलायचेच असतील तर रेडिमेड घ्यायला काहीच हरकत नाही.

सुरुवात कुठून करायची? आधी कापड बघायचं का?

कापड सगळ्यात शेवटी. आधी प्रत्येक खिडकीपाशी सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर उभं राहून बघा. पश्चिमेचं ऊन थेट येतं का? समोरच्या इमारतीतून आत दिसतं का? खिडकीवर स्प्लिट एसी आहे का? स्वीचबोर्ड पडद्यामागे जाणार का? पलंगाची पाठ किंवा सोफा खिडकीला टेकलेला आहे का? या उत्तरांवरून ठरतं की तिथे जमिनीपर्यंतचा पडदा हवा की खिडकीच्या कठड्यापर्यंतचा रोमन ब्लाइंड (घड्या होत वर जाणारा सपाट पडदा), नुसती जाळी, म्हणजे पातळ पारदर्शक पडदा, पुरेल की दुहेरी पडदा लागेल. एकाच घरातल्या चार खिडक्यांची गरज चार तऱ्हांची असते. सगळीकडे एकच कापड लावायचा हट्ट धरला की निम्म्या खिडक्यांवर ते चुकीचं ठरतं.

माप कसं घ्यायचं?

स्टीलचा टेप घ्या. शिवणकामाची कापडी पट्टी वापरून सैल पडते आणि माप चुकतं. माप खिडकीचं घ्यायचं नाही, रॉडचं घ्यायचं. म्हणून रॉड कुठे येणार ते आधी पेन्सिलीनं भिंतीवर आखा.

रॉड चौकटीच्या वर किमान चार ते सहा इंच हवा. वर जागा असेल तर छताच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. दोन्ही बाजूंना चौकटीच्या बाहेर सहा ते आठ इंच न्या. उघडलेल्या पडद्याचा गठ्ठा रॉडच्या साधारण पाव ते एक तृतीयांश भागावर बसतो. तो जितका भिंतीवर बसेल तितकी काच मोकळी राहते, खिडकी मोठी वाटते आणि उजेड कमी अडतो.

उंची रॉडपासून जमिनीपर्यंत तीन ठिकाणी मोजा: डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. आपल्या फरश्यांना उतार असतो, बाल्कनीच्या दारापाशी तर असतोच. तिन्हींतलं सर्वांत कमी माप धरा आणि त्यातून अर्धा ते एक इंच वजा करा. जमिनीवर पसरणारे लांब पडदे फोटोत देखणे दिसतात, पण रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसली जाते अशा घरात त्यांची खालची कड महिन्याभरात काळी पडते. मी ते कुणालाच सुचवत नाही.

एसी रॉडच्या वर असेल तर पडदा हवेच्या झोताच्या खाली राहील हे बघा. आत उघडणाऱ्या खिडक्यांची दारं पडद्याला घासतात का तेही आताच तपासा.

कापड किती लागेल? दुकानदार सांगतो ते बरोबर आहे हे कसं कळणार?

हिशोब सोपा आहे, स्वतः करून जा. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुतेक वेळा ४८ इंच असतो. काही कापडांचा ५४ इंच येतो. ४८ इंची पन्ह्याच्या एका पाटात, म्हणजे पूर्ण पन्ह्याच्या एका उभ्या तुकड्यात, चुण्या घातल्या की तो रॉडवर साधारण २० ते २२ इंच जागा झाकतो.

समजा खिडकी सहा फुटांची, म्हणजे ७२ इंच. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच धरून रॉड झाला ८४ इंच. भागिले २१, म्हणजे चार पाट. तयार उंची हवी १०२ इंच. वरची पट्टी आणि खालची दुमड मिळून १२ ते १४ इंच त्यात मिळवा, म्हणजे ११६ इंच. मीटरला ३९ इंच धरले तर एका पाटाला तीन मीटर आणि चार पाटांना बारा मीटर.

मोठं नक्षीकाम असेल तर हिशोब बदलतो. नक्षी दर २४ इंचांनी पुन्हा येत असेल तर प्रत्येक पाट २४ च्या पटीत कापावा लागतो. म्हणजे ११६ ऐवजी १२० इंच, आणि पहिली नक्षी जुळवायला थोडं वरचं. साडेबारा मीटर घ्या. नक्षी न जुळवता शिवलेला पडदा दारातून आत येताक्षणी खटकतो.

दुकानदार याच खिडकीला तीनच पाट सांगत असेल तर त्यानं चुण्या कमी केल्यात. भाव कमी दिसावा म्हणून असं होतं. त्याला सरळ विचारा, ‘एक पाट किती इंच झाकेल?’ २५ च्या वर आकडा आला तर पडदा सपाट दिसणार.

जाळीची आणि काही लिननसारखी कापडं २८० किंवा ३०० सेंटीमीटर पन्ह्यात मिळतात. ती आडवी वापरतात, म्हणजे पन्हा उंचीत जातो आणि मध्ये जोड येत नाही. फक्त उंची तपासा. २८० सेंटीमीटर म्हणजे ११० इंच. वरची-खालची दुमड काढून ९८ इंचांच्या आसपासच पडदा निघेल. आपल्या उदाहरणातला १०२ इंची पडदा त्यातून निघणार नाही, त्याला ३०० चा पन्हा लागेल.

आयलेट, थ्री प्लीट, वेव्ह. यातलं काय घ्यावं?

आयलेट म्हणजे वर गोल कड्या ठोकलेला पडदा. स्वस्त, सरकवायला सोपा, मुलांच्या खोलीला उत्तम. एका पाटाला कड्यांची संख्या सम असावी, म्हणजे पडद्याची दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. चार फुटी पाटाला बहुधा आठ कड्या बसतात. आयलेटची एक मर्यादा कुणी सांगत नाही. लांब रॉडला मध्ये जो आधाराचा ब्रॅकेट लागतो, त्यावरून आयलेटचा पडदा पलीकडे सरकत नाही. दहा फुटी दाराला म्हणूनच ट्रॅक, म्हणजे पडद्याचे हूक ज्यात सरकतात ती पट्टी, बरा.

थ्री प्लीटमध्ये तीन-तीन चुण्या एकत्र शिवून मागे हूक लावतात. पडदा खालपर्यंत शिस्तीत पडतो, वर्षानुवर्षं तसाच राहतो. हॉल आणि मुख्य बेडरूमसाठी माझी पहिली पसंती हीच. कापड आणि शिलाई दोन्ही थोडी जास्त लागते.

वेव्ह म्हणजे ट्रॅकवर सारख्या अंतरानं लाटांसारखा पडणारा पडदा. फॉल्स सीलिंगमध्ये पडद्यासाठी खाच सोडलेली असेल तर हा फार सुरेख दिसतो. त्याचा ट्रॅक आणि पडद्याला वर शिवायची टेप वेगळे येतात, म्हणून सीलिंगचं काम होण्याआधी ठरवा. दुहेरी पडद्यासाठी ती खाच भिंतीपासून पुढे सहा-सात इंच रुंद असावी. चार इंचांच्या खाचेत दोन ट्रॅक कोंबले की पडदे एकमेकांत अडकतात.

कापड कोणतं घ्यावं?

ऊन किती येतं यावरून ठरवा. थेट उन्हात कुठलंही कापड विटतं आणि हळूहळू विरतं. रेशमाचं सगळ्यात आधी. पश्चिमेच्या खिडकीवर अस्तर नसलेला रेशमी पडदा लावणं म्हणजे चांगलं कापड हातानं संपवणं. गडद निळा, मरून हे रंग विटल्यावर ठळक दिसतात, फिके रंग विटले तरी सुसह्य असतात.

सुती कापड आपल्या हवेला सगळ्यात मानवतं. श्वास घेतं, घरी धुता येतं, पोत सुंदर असतो. पण ते आटतं. तीन ते पाच टक्के आटणं नेहमीचं. १०२ इंची पडदा चार टक्के आटला तर चार इंच वर जातो आणि पुढची दहा वर्षं तसाच लोंबतो. म्हणून सुती आणि हातमागाचं कापड आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करूनच कापायला द्या, आणि आटण्यापुरतं जास्तीचं घ्या. शिवणाऱ्यानं ‘गरज नाही’ म्हटलं तरी हे करा.

लिनन देखणं, पण चुरगळतं आणि दमट दिवसांत थोडं लांबतं. पॉलिएस्टर उन्हात टिकतं, आटत नाही, चुरगळत नाही. जॅकार्डची, म्हणजे विणीतच नक्षी असलेली, बरीचशी कापडं त्यातलीच. रोजच्या वापराला ते वाईट मुळीच नाही, फक्त फार चकचकीत विणीचं टाळा, ट्यूबलाइटखाली ते स्वस्त दिसतं. मखमल थंड, कोरड्या गावांत छान. कोकणात आणि मुंबईत ती ओल धरते. मखमलीचे सगळे पाट लव एकाच दिशेला ठेवून कापायला सांगा, नाहीतर दोन पाटांचे रंग वेगळे दिसतात.

आणि सगळं कापड एकाच ताग्यातून घ्या. नंतर आणलेल्या दोन मीटरचा रंग हमखास वेगळा निघतो. नमुन्याचा हातभर तुकडा घरी आणून, खिडकीत उजेडासमोर धरून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

अस्तर हवंच का? ब्लॅकआउट म्हणजे नेमकं काय?

अस्तर ऊन स्वतःवर घेतं आणि पुढचं कापड वाचवतं, पडद्याला वजन येतं, चुण्या भरतात. बाहेरून सगळ्या खिडक्या एकसारख्या पांढऱ्या दिसतात तेही बरं. जाळी आणि स्वयंपाकघराचे छोटे पडदे सोडले तर मी अस्तराशिवाय पडदा शिवायला सांगत नाही.

ब्लॅकआउट कापडाच्या पाठीवर लेपाचे थर असतात आणि मधला थर काळा असतो. त्यातून उजेड जवळजवळ आत येत नाही. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी आणि तान्ह्या बाळाच्या खोलीसाठी तो फार उपयोगी. तरीही खोली पूर्ण काळोखी होत नाही, कारण उजेड कापडातून कमी आणि कडांनी जास्त शिरतो. रॉड भिंतीपासून तीन-चार इंच पुढे असतो, त्या फटीतून तो येतो. त्यासाठी ट्रॅकची टोकं भिंतीकडे वळवून घ्या आणि पडदा भिंतीपर्यंत न्या. लेपावर सुईची भोकं राहतात आणि त्यांतून उजेडाचे ठिपके दिसतात, म्हणून उसवून पुन्हा शिवायची वेळ येऊ नये असं माप आधीच पक्कं करा.

पडद्यांनी उन्हाळ्यात घर थंड राहतं का?

काही प्रमाणात, हो. मध्यम रंगाच्या आणि पांढऱ्या प्लास्टिक पाठीच्या पडद्यांनी खिडकीतून येणारी उष्णता ३३ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, अशी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची माहिती आहे. त्यासाठी पांढरी बाजू काचेकडे हवी आणि पडदा ऊन येण्याआधी ओढलेला हवा.

पण काचेतून आत आलेली उष्णता बरीचशी आतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवणं नेहमी जास्त परिणामकारक. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे बाहेरून लावलेल्या चिकांमागे (बांबूच्या काड्यांच्या पडद्यांमागे) हेच कारण आहे. विदर्भात राहत असाल तर पडद्यावर जास्तीचे पैसे घालण्याआधी बाहेर चीक किंवा छज्जा होतो का ते बघा.

पावसाळ्यात पडद्यांना बुरशी लागते. काय करावं?

बहुधा भिंतीची ओल पडद्यात उतरते. खिडकीच्या चौकटीच्या फटी आधी भरून घ्या, ते न करता नवे पडदे लावू नका. पडदा भिंतीला न चिकटता दोन-तीन इंच पुढे राहू द्या, उघडीप मिळेल तेव्हा तो सारून खिडकी उघडा. जड, अस्तराचे पडदे स्वच्छ करून, पूर्ण कोरडे करून जून ते सप्टेंबर ठेवून द्यायचे आणि त्या काळात पातळ सुती लावायचे, ही पद्धत किनाऱ्यावरच्या घरांत उत्तम चालते. समुद्राजवळ कड्या आणि हूक स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लास्टिकचे घ्या. साध्या लोखंडी हुकाचा गंज कापडावर उतरला की जात नाही.

आजीच्या साड्यांचे पडदे करता येतील का? खणाचे?

येतात, आणि त्यांच्यासारखं दुसरं काही दिसत नाही. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच पन्ह्याची असते. तिचे पावणेतीन मीटरचे दोन पाट निघतात. काठ दोन्ही बाजूंनी उभे उतरतात, पडद्याला आयती किनार मिळते. दोन पाटांत साधारण सव्वातीन फुटांचा रॉड नीट भरतो. नऊवारी आठ मीटरच्या वर असते, तिचे तीन पाट होतात. पदर एकाच पाटावर येणार. एक तर तो मुद्दाम खाली एका बाजूला दिसू द्या, नाहीतर वेगळा कापून उशांचे अभ्रे किंवा टाय-बॅक (पडदा बाजूला बांधायच्या पट्ट्या) करा, आणि मग पाटाची लांबी नव्यानं मोजा.

साडी उजेडासमोर धरून विरलेल्या जागा शोधा. घडीच्या रेषांवर रेशीम आधी फाटतं. पाठीमागे सुती अस्तर घालाच, वजन त्यानं उचलायचं. वरची चुण्यांची पट्टी दुसऱ्या घट्ट कापडाची लावा, म्हणजे साडीची लांबीही वाचते. आणि अशा पडद्याला उत्तरेची किंवा सावलीतली खिडकी द्या.

खणाचा पन्हा अरुंद असतो. अख्खा पडदा केला तर उभे जोड फार येतात. त्याऐवजी साध्या हातमागाच्या पांढरट कापडाला खाली आठ-दहा इंचांची खणाची पट्टी लावा. पण पट्टीचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून आधी बघा.

रॉड भिंतीतून निखळतो. का?

खिडकीच्या लगेच वर काँक्रीटची आडवी तुळई, म्हणजे लिंटेल असते, ती दोन्ही बाजूंना भिंतीत थोडी शिरलेली असते. तिच्यात हॅमर ड्रिलनं भोक पाडून प्लग बसवला तर रॉड हलत नाही. लिंटेल सोडून हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग ठोकला तर तो जड पडद्यानं सुटतो. अशा भिंतीसाठी वेगळे लांब अँकर मिळतात, ते मागा. सहा फुटांपुढच्या रॉडला मध्ये आधार हवा. स्वीचबोर्डच्या सरळ रेषेत वर वायर असते, तिथे ड्रिल चालवू नका.

स्वयंपाकघर आणि देवघर?

गॅसजवळच्या खिडकीला लोंबता पडदा नकोच. तिथे काचेला लावायची फिल्म किंवा घट्ट गुंडाळता येणारा छोटा ब्लाइंड ठीक. ओट्यापासून लांबच्या खिडकीवर अर्धा सुती पडदा चालेल, दर पंधरा दिवसांनी धुता येईल असा. समई किंवा निरांजन लागतं त्याच्या आसपास पॉलिएस्टर ठेवू नका, ते वितळून चिकटतं. घरात लहान मूल असेल तर ब्लाइंडची लोंबती दोरी टाळा. गळ्याला फास बसण्याचा धोका खरा आहे. दोरीशिवायचे ब्लाइंड मिळतात.

भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नाहीत.

दोन भिंतींमध्ये ताणून बसणारा रॉड खिडकीच्या खोबणीत चालतो, पण त्यावर हलकी जाळी किंवा पातळ सुतीच टाका. पडदे शिवून घेणारच असाल तर खालची दुमड चारऐवजी सहा इंचांची ठेवा. पुढच्या घरी ती सोडून लांबी वाढवता येते.

परदेशातल्या घरासाठी इथून शिवून नेले तर?

बऱ्याच जणी नेतात. तिथला रॉड किती जाड आहे आणि हूक कुठल्या प्रकारचा आहे ते फोटोसकट मागवा. अमेरिकेत तयार पडदे ८४, ९६, १०८ इंच अशा लांबीत येतात, पण तुमचं माप त्यावरून न धरता रॉडपासूनच घ्या. अस्तर तिथे लावता येत असेल तर सामानाचं वजन वाचतं.

पडदे ताब्यात घेताना काय तपासावं?

उंची दोन्ही कडांना मोजा. खालची दुमड दुहेरी आणि चार इंच हवी, कोपऱ्यात वजन घातलेलं असावं. अस्तर पुढच्या कापडापेक्षा इंचभर आखूड हवं. नक्षी असेल तर सगळे पाट शेजारी धरून बघा. उरलेलं कापड मागून घ्या, पुढे दुरुस्तीला तेच लागतं. लावल्यावर चुण्या हातानं जुळवून, तीन ठिकाणी सैल फडक्यानं बांधून दोन-तीन दिवस तसेच ठेवा. मग ते आपसूक त्याच घड्यांत पडतात.

धुवायचे कसे?

महिन्यातून एकदा व्हॅक्यूमनं किंवा मऊ ब्रशनं धूळ काढली तर धुण्याची वेळ वर्षातून एक-दोनदाच येते. हूक काढा. सुती पडदे गार पाण्यात, सौम्य साबणानं धुवा आणि किंचित ओलसर असतानाच परत लावा, स्वतःच्या वजनानं ते सरळ होतात. अस्तर शिवलेले जड पडदे आणि रेशीम ड्राय क्लीनिंगला द्या. ब्लॅकआउट पिळू नका, लेपाला भेगा पडतात.

दिवाळीआधी हवे आहेत. कधी द्यावेत?

गणपती उठले की लगेच. नवरात्रापासून शिवणाऱ्यांकडे कामाचा ढीग लागतो आणि घाईत चुण्यांचं अंतर आधी बिघडतं. पितृपक्षात नवी खरेदी न करणाऱ्या घरांनी त्या पंधरवड्यात मापं घेऊन, नमुने घरी आणून, निवड पक्की करून ठेवावी. घटस्थापनेला कापड घेतलं तरी धुऊन आटवायला दोन दिवस आणि शिवायला तीन आठवडे हातात राहतात.